पहिल्या चालीला वीस

माझ्या साडूंइतका नियमाने चालणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्याही घरचे कंटाळलेले असणार. सात वर्षं हे गृहस्थ संगणकासाठी बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहीत आहेत. लिहून झालंय काय, तर कुठलाही डाव मांडा, त्यातून नियमात बसणाऱ्या सगळ्या चाली तो काढून दाखवतो. त्यातली चांगली कोणती, हे त्याला कळत नाही. खेळायला बसवलं तर तिसऱ्याच चालीला वजीर फुकट घालवतो, पण नियमात घालवतो. साडूंना त्याचंच कौतुक. "पहिल्या चालीला वीस, दुसरीला चारशे, तिसरीला आठ हजार नऊशे दोन," असे डावांचे आकडे ते पाढ्यासारखे म्हणतात. एकदा त्र्यंबकेश्वरला तीन तास रांगेत उभं राहून गाभारा दिसू लागल्यावर त्यांना आठवलं, की प्याद्याची एक चाल मोजायची राहिली आहे. तिथूनच माघारी फिरले. "देव कुठं जातोय?" म्हणाले. मेहुणी एकटी दर्शन घेऊन आली ती घरापर्यंत बोलली नाही.

नाशकातल्या द्वारका चौकात तर त्यांच्या स्कूटरवर मागे बसू नये. उलट्या बाजूने आलेल्या रिक्षेसमोर त्यांनी गाडी आडवी घातली आणि म्हणाले, "ही चाल अवैध आहे. परत घ्या." रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही नाशिकचेच ना?" मग तो बाजूने निघून गेला, आणि हॉर्नच्या कल्लोळात आम्ही दोघं नियमात उभे.

पुढे हा नियम घरातच आडवा आला. साडूंचे वडील, दादा, लासलगावला कांद्याच्या बाजारात हयात घालवून आता मुलाकडे राहतात. बापलेकांचं बोलणं म्हणून जे काही आहे ते संध्याकाळच्या एका डावापुरतं. साडूंनी लाकडी पट माळ्यावर टाकला. आता डाव पडद्यावर मांडायचा आणि प्रोग्रामने पंच व्हायचं. दादा जुन्या पद्धतीने खेळणारे. शह लागला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी. त्यांनी राजा उडवला, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली, 'चाल अवैध'.

"साठ वरसं आमचा राजा उडी मारतोय," दादा म्हणाले.

"दादा, तो नियम आता जगात कुठंच नाही."

"मंग जगाला खेळता येत नाय." दादा उठले ते उठलेच.

तीन आठवडे डाव नाही, म्हणजे शब्द नाही. दादा गॅलरीत, साडू पडद्यासमोर. मेहुणीने मला बोलावून घेतलं. "प्रोग्राम जिंकला, आता बापाला कुठं ठेवता?" असं मी साडूंना सुनावलं. जरा जास्तच बोललो.

परवा गेलो तर बापलेक पडद्यासमोर बसलेले. माझ्यादेखत दादांचा राजा अडीच घरं उडाला. लाल अक्षरं आली नाहीत.

"अहो, ही तर..."

"हळू बोला," साडू म्हणाले.

"पहिल्या चालीला आता किती?" मी त्यांच्या कानाशी विचारलं.

"बावीस." राजाच्या उडीची दोन घरं त्यांनी धरली होती. पुढचे आकडे त्यांनी म्हटलेच नाहीत. सात वर्षांचा पाढा या माणसाने एका म्हाताऱ्यासाठी मोडला.

माझे वडील पत्ते खेळताना पान लपवायचे. मी दर वेळी पकडायचो. ते जाईपर्यंत एकदाही सोडलं नाही.