काळी गाडी आणि बाबांचा उजवा हात

गाडी घरी आणली त्या दिवशी बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, काचेतून आत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "दोनच सीटा? मग आम्ही कुठं बसायचं?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली की पाळीपाळीनं बसू, नाहीतरी आपण दोघं एकत्र जातो कुठं.

दोन दारांची, बुटकी, काळी कुळकुळीत स्पोर्ट्स कार. पुण्यातल्या एका डॉक्टरांकडून मी ती सेकंडहँड घेतली होती. वाळूजच्या एका कारखान्यात मी रंगाच्या तपासणीचं काम करते. दुसऱ्यांच्या गाड्यांची दारं, बॉनेटं पांढऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडातून माझ्यासमोरून सरकत जातात आणि त्यांवर कुठं धुळीचा कण अडकलाय, कुठं रंगाचा ओघळ आलाय, हे मी शोधते. इतकी वर्षं लोकांचे रंग बघितल्यावर आपल्या मालकीचा एक चांगला रंग असावा, असं मला फार वाटायचं. लग्न मी केलेलं नाही. घरात आई, बाबा आणि मी. म्हटलं, हौस आत्ता नाही करायची तर कधी?

काळा रंग घेऊ नको असं सगळ्यांनी सांगितलं होतं आणि सगळ्यांचंच बरोबर होतं. गारखेड्यात आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना बांधकामं चालू. सकाळी पुसलेल्या गाडीवर संध्याकाळी बोटानं अक्षर काढता येतं. सुरुवातीला मी गाडी वॉशिंग सेंटरला दिली. तिथल्या माणसानं जीपची चाकं पुसलेलं फडकं तसंच माझ्या बॉनेटवर फिरवलं. घरी येऊन उन्हात पाहिलं तर सगळ्या बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बादल्या, लोकरी हातमोजा, मऊ कापडं, मेणाचा डबा असं सगळं सामान मागवलं.

पाण्याची पंचाईत होती. नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. त्या पाण्यानं गाडी धुतली असती तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. बोअरचं पाणी मुबलक, पण इतकं जड, की वाळल्यावर काळ्या रंगावर पांढरे ठिपके उठतात. उपाय आईनं काढला. हॉलमधल्या एसीच्या नळीतून दिवसभर पाणी ठिबकायचं, ते ती कुंड्यांना घालायची. मला म्हणाली, हे घे, ह्याचा डाग पडत नाही, मी खिडकीची काच ह्यानंच पुसते. तेव्हापासून बोअरच्या पाण्यानं धुणं आणि शेवटी एसीच्या पाण्याचा हात, अशी पद्धत पडली. आईच्या कुंड्या मात्र बोअरच्या पाण्यावर गेल्या आणि त्याबद्दल ती अजून मला ऐकवते.

दर रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत मी गाडी धुवायची. छतापासून सुरू करून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी. हातमोजा एका बादलीत साबणात बुडवायचा आणि दुसरीत खळबळून काढायचा, म्हणजे धुतलेली माती परत रंगावर जात नाही. बाबा व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले असायचे. एवढ्या वेळात लेकरू न्हाऊन, जेवून, झोपून उठेल, असं काहीतरी ते पेपराआडून म्हणायचे. गाडीला त्यांनी कधी हात लावला नाही. दोन सीटांच्या गाडीबद्दल त्यांचं मत पहिल्या दिवशी झालं होतं ते झालं होतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी बाबांच्या हातातून चहाचा कप निसटला. उचलायला वाकले ते तिथंच बसले. पॅरालिसिसचा हलका झटका होता. वेळेत दवाखान्यात नेल्यामुळं निभावलं. जीभ लवकरच ताळ्यावर आली, पाय थोडा ओढत का होईना चालायला लागला, पण उजवा हात मागं राहिला. खांद्यापासून हलायचा, बोटं मात्र ऐकायची नाहीत. बाबा डाव्या हातात चमचा धरून वरणभात खायचे. भाकरी त्यांनी बंदच केली. आईनं कुस्करून दिलेली चालायची नाही.

छावणीतून एक फिजिओथेरपिस्ट घरी यायची. तरुण, हसतमुख, पण शिस्तीची. तिनं एक व्यायाम दिला होता. जेवणाच्या टेबलावर टॉवेल ठेवायचा, त्यावर उजवा हात ठेवायचा आणि टेबल पुसल्यासारखा पुढं-मागं, मग गोल फिरवायचा. ती समोर असेपर्यंत बाबा करायचे. ती गेली की टॉवेल घडी होऊन खुर्चीवर. आई विनवायची, मी चिडायची, काही उपयोग नव्हता. एकदा ती मुलगीच वैतागली आणि म्हणाली, काका, तुम्हाला बरं व्हायचंय ना?

बाबा शांतपणे म्हणाले, "व्हायचंय की. पण मॅडम, टेबल लख्ख हाय. जे पुसलेलंच हाय ते पुन्हा काय पुसू? हाताला कळतं ना, काम खोटं हाय म्हणून."

तिनं टॉवेलाची घडी मोडून तो पुन्हा टेबलावर पसरला. 

त्यानंतरच्या रविवारी बाबा नेहमीसारखे व्हरांड्यात होते, फक्त पेपर नव्हता, कारण तो एका हातानं उलटता येत नसे. मी गाडी धुऊन कोरडी केली होती आणि बॉनेटवर मेण लावत होते. मेण पातळ लावायचं, जरा वेळ वाळू द्यायचं, त्यावर पांढुरकं धुकं धरतं, मग ते मऊ कापडानं पुसायचं. मी गाडीच्या दाराकडं वळले, तर मागून बाबांचा आवाज आला की डाव्या कोपऱ्यात पांढरं तसंच राहिलंय. राहिलं होतं खरं. माझे हात मेणानं भरलेले होते, म्हणून मी म्हटलं, बाबा, तेवढं पुसता का?

हे मी मुद्दाम म्हटलं असं आई सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी काय बोलले.

बाबा उठले. पाय ओढत आले. मी कापडाची घडी करून त्यांच्या उजव्या हाताखाली ठेवली. बोटं वाकडीच होती, तळवा तेवढा टेकला. त्यांनी खांद्यातून जोर लावला आणि हात पुढं सरकला. पांढरं धुकं गेलं आणि खालून काळाभोर रंग निघाला, त्यात गल्लीतला कडुलिंब स्वच्छ दिसत होता. बाबांनी पाहिलं. मग हात मागं घेतला आणि शेजारच्या पट्ट्यावर ठेवला. ते घामाघूम झाले तेव्हा मी खुर्ची आणून दिली. खुर्चीत बसून त्यांनी बॉनेटची कडही पुसून काढली.

पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्ट आली तेव्हा बाबांनीच तिला सांगितलं. ती बाहेर जाऊन गाडी बघून आली आणि म्हणाली, मग टेबल बंद. तिनं नियम मात्र घालून दिले. कोपर सरळ ठेवायचं, गोल दोन्ही दिशांनी काढायचे, डाव्या हाताची मदत घ्यायची नाही. बाबा घ्यायचेच. म्हणून आईला खुर्ची टाकून राखणीला बसवलं. ती भाजी निवडता निवडता नुसतं "डावा" म्हणायची आणि बाबा डावा हात खिशात घालायचे.

उन्हाळाभर आमची गाडी शहरातली सगळ्यात चकचकीत गाडी असेल. बाबा रोज सकाळी काहीतरी पुसायला मागायचे. रोज मेण लावलेलं चालत नाही, म्हणून मी त्यांना काचा दिल्या, आरसे दिले, चाकांचे आरे दिले. आऱ्यांमध्ये बोटं घालावी लागतात, त्याचा तर फार फायदा झाला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना पहिल्यांदा भेटली ती चाकात.

आणि मग ते झालं. बाबा बॉनेट पुसत होते, मी आत सीटची धूळ काढत होते. त्यांच्या हातून कापड खाली पडलं. त्यांनी ते उचललं, उजव्या हातानंच उचललं, आणि त्या आनंदात तसंच बॉनेटवर फिरवलं. कापडाला फरशीवरची वाळू लागली होती. करकर असा आवाज मला काचा बंद असतानाही ऐकू आला.

बॉनेटच्या मधोमधून हेडलाइटकडं हातभर लांबीचा कमानीसारखा चरा गेला होता. मी तो दुरूनच पाहिला. माझं कामच ते आहे. बाबांनीही पाहिला. कापड त्यांनी छतावर ठेवलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. फिजिओथेरपिस्टला म्हणाले, टेबलच द्या. मला राग आला नव्हता असं म्हणणार नाही. चरा दिसू नये म्हणून मी बॉनेटकडं न बघता गाडीत बसायची. पण टेबलावर टॉवेल घासणारे बाबा बघणं त्याहून जड जायला लागलं. रविवारी मी पॉलिशची बाटली आणि स्पंजचा गोल तुकडा घेऊन त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, चरा वरच्या थरातच आहे, निघेल, पण मशीननं केलं तर कडेचा रंग पातळ होईल. हातानं, लहान लहान गोल काढत, हळूहळू घासायचं काम आहे.

"मग तू घास," बाबा म्हणाले.

"मला कारखान्यातून वेळ कुठं मिळतो, बाबा? तुम्ही घरीच असता."

"अन् अजून खराब झाली तर?"

"झाली तर झाली. गाडी माझी आहे. तुम्ही घासा."

ते बराच वेळ बाटलीवरची अक्षरं वाचत बसले. मग चप्पल शोधायला लागले.

तो चरा काढायला पावसाळा उजाडला. रोज थोडंसं पॉलिश, लहान गोल, पुसायचं, तिरपं होऊन उजेडात बघायचं. बघायला मी त्यांना शिकवलं. तेही माझ्यासारखं एक डोळा बारीक करून बघायला लागले. चरा आधी धूसर झाला, मग तुटक झाला. हेडलाइटजवळ तो जरा खोल होता, तिथं बोटभर रेघ आजही आहे. ती मी ठेवली आहे, कारण आणखी घासलं तर रंग जाईल. ह्याच दिवसांत एकदा आम्ही जेवायला बसलो असताना बाबांनी आईच्या टोपल्यातली भाकरी ओढली आणि उजव्या हातानं तोडली. तुकडा वेडावाकडा होता. आईनं पाहिल्याचं दाखवलं नाही. पिठल्याचं भांडं पुढं सरकवलं आणि आणखी एक भाकरी टाकायला उठली.

गाडीत बसायचं बाबांनी गणपतीनंतर काढलं. मी म्हटलं, पहिली पाळी आईची. आई म्हणाली, जाऊ दे त्यांना, माझे गुडघे त्या खड्ड्यात उतरायचे नाहीत. म्हणून एका सकाळी मी आणि बाबा दौलताबादच्या रस्त्याला गेलो. स्पीडब्रेकर आला की बाबा श्वास धरायचे, जणू त्यानं गाडी उंच होणार होती. मोकळ्या रस्त्यावर मी जरा पाय दाबला तर म्हणाले, "लई पळते ही. सावकाश." पुढचं वळण गेल्यावर म्हणाले, "आता पळव थोडी."

चहाच्या टपरीशी थांबलो. इतक्या खालच्या सीटवरून बाबांना बाहेर काढणं सोपं नव्हतं. मी हात द्यायला फिरून आले, तोवर त्यांनी उजव्या हातानं छताची कड घट्ट पकडली आणि स्वतःच उभे राहिले. नुकत्याच धुतलेल्या काळ्या छतावर त्यांची चारही बोटं स्पष्ट उमटली होती. मी ती बघतच होते, एवढ्यात बाबांनी शर्टाची बाही ओढली आणि खसाखसा पुसून टाकली.

"बाबा, कोरड्यानं नाही," मी इतक्या मोठ्यानं म्हणाले, की चहावाला गाळणी हातात धरून थांबला.

बाबा एक डोळा बारीक करून छताकडं तिरपे वाकले. "काय नाय झालं," ते म्हणाले, आणि दोन चहा सांगायला पुढं गेले.