साळवेमामांनी उपास सोडला

तिसरा डोनर खुर्चीवरून घसरला तेव्हा माझं डोकं फिरलं. चर्चच्या हॉलमध्ये आमचं रक्तदान शिबिर चालू होतं. त्या तरुणाचे पाय उशीवर चढवले आणि तो डोळे उघडताच विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतंस?"

"काही नाही मॅडम. आज उपास आहे."

"मग फॉर्मवर नऊ वाजता पोहे खाल्ले असं का लिहिलंस?"

"नाहीतर तुम्ही रक्त घेतलं नसतं."

मी सोलापुरात ब्लड बँकेत टेक्निशियन आहे. उपाशीपोटी रक्त घ्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. घेतलं की बीपी खाली येतो आणि माणूस आडवा होतो. मी रांगेला हात वर करायला सांगितलं, कोण कोण जेवून आलंय? एकही हात वर झाला नाही.

त्या दिवशी गुड फ्रायडे होता. प्रभूनं आज आपल्यासाठी रक्त सांडलं, म्हणून आपणही आजच द्यायचं, तेही दुपारी तीनपर्यंत अन्नपाण्याला न शिवता, असं या मंडळींनी ठरवलेलं. शिबिराची तारीख मात्र मीच दिली होती. माझ्या डायरीत त्या दिवसापुढे फक्त 'सुट्टी' लिहिलं होतं. लोक मोकळे असतील, एवढाच माझा हिशोब. चूक त्यांच्याइतकीच माझीही होती.

मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. "पॅकअप करते सर."

"थांब. तुझ्या यादीत साळवे म्हणून ओ निगेटिव्ह आहेत ना? उद्या सकाळी एक सिझेरियन आहे. वार खाली सरकलीये, रक्त खूप जाणार. पेशंट ओ निगेटिव्ह. आपल्याकडे एकच पिशवी आहे, पुण्याची येईल तेव्हा खरी. साळव्यांची घेतल्याशिवाय येऊ नकोस."

ओ निगेटिव्ह हा फार थोड्यांचा ग्रुप, आणि त्या माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही.

साळवेमामा एसटीच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक. बाही वर करून तयारच बसले होते. मी म्हटलं, "आधी पोटभर जेवा. दीड तासानं घेते."

"असंच घ्या की मॅडम. मला काय होत न्हाय."

"आत्ताच एक पडला तो पाहिला ना?"

"तो पोरगा हाय. मी एकतीस वर्षं ह्यो उपास धरतोय. ताप होता तवाबी मोडला न्हाय. क्रुसावर प्रभूला तहान लागली तर पाण्याच्या जागी आंबट आंब दिली, आन् मी हितं जेवायला बसू?"

मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे वळले. "तुम्ही सांगा ना यांना."

ते म्हणाले, "उपास त्यांचा आहे. सोडा असं मी सांगणार नाही." मला त्यांचा भयंकर राग आला. मग ते मामांशेजारी बसले. "शांतवन, आज आपण प्रभूला काय देतो?"

"जे जड जातं ते."

"आणि तुम्हाला काय जड जातंय?"

मामांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "उपास सोपा हाय मॅडम. सवयीचा झालाय. समदी मंडळी बघतात, साळव्याचा उपास म्हंजे उपास. त्योच सोडायचा म्हंजे लई अवघड." डोळे पुसत त्यांनी विचारलं, "काय हाय खायला?"

त्या आवारात कुणाचीच चूल पेटलेली नव्हती. मी माझा डबा उघडला. दोन भाकरी, शेंगाचटणी, दही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा साळवेमामा गुड फ्रायडेला जेवले, तेही सगळ्यांसमोर. रांगेतल्या लोकांनी एकेक करून पाठ फिरवली. आधी मला वाटलं, नाराज झाले. नंतर कळलं, त्यांना जेवताना लाज वाटू नये म्हणून.

शेजारी चर्चमध्ये भक्ती सुरू झाली. मामा मात्र हॉलमध्ये कॉटवर पडून भिंतीपलीकडची गाणी ऐकत राहिले. पिशवी भरत आली तसं त्यांनी विचारलं, "कुणाला जाणार?"

"ते डोनरला सांगत नाहीत. नियम आहे."

"ऱ्हाऊ द्या. प्रभूनं तरी कुटं इचारलं हुतं, कुणासाठी म्हणून."

 मी नळीला चिमटा लावला.

बाकीच्यांना मी ईस्टरला या म्हटलं होतं. रविवारी पहाटेची प्रार्थना आणि भरपेट नाश्ता करून ते आले, हॉलला जागा पुरेना. आता कुठल्याही शिबिराची तारीख देण्याआधी मी विचारते, त्या दिवशी तुमच्यात उपास असतो का? इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एवढं शहाणपण आलं.

मामाही आले होते. त्यांना पुढचे तीन महिने रक्त देता येणार नव्हतं. ते माझा डबा घेऊन आले होते, घासलेला आणि शेंगापोळ्यांनी भरलेला.

"लागली का पिशवी?" त्यांनी हळूच विचारलं.

नियम नियमच. मी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त दोन बोटं वर केली, तर्जनी आणि करंगळी, एक मोठं, एक लहान.

ते क्षणभर बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी पोटाजवळ बाळ धरल्यासारखं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. साळवेमामा तिथंच पायरीवर बसले आणि रडायला लागले.