आजींनी चालून दाखवलं

मी आजवर दोन परीक्षांत नापास झाले. एक नववीची आणि दुसरी खुर्चीतून उठून चालण्याची. दुसरी तर माझी नव्हतीच!

ती होती आमच्या आजींची. (आमच्या म्हणजे, मी त्यांच्याच घरी राहून त्यांना सांभाळते. माझं गाव पार किनवटकडे. नाशकात मला ‘जेवलीस का गं?’ विचारणारं हे एकच माणूस.) त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. एकदा त्याचा फोन आला.

"रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांचा तोल तपासणार आहेत. आईला पडायचा धोका निघाला, तर तिला मी इकडेच घेऊन येतो."

म्हणजे आजी बंगळुरूला आणि मी किनवटच्या गाडीत!

मग काय, आठवडाभर तयारी. इतकी नववीत केली असती तर! बेडरूम ते देवघर, देवघर ते गॅलरी. आजी पुढे, मी मागे. "हळू, आजी, हळू! घाई केली की पडतं माणूस!"

रविवारी फिजिओथेरपीच्या मॅडमनी आजींना खुर्चीत बसवलं. तीन मीटरवर जमिनीला लाल पट्टी चिकटवली होती. "आजी, उठा, पट्टीपर्यंत चालून दाखवा, वळा आणि परत येऊन बसा."

"चालून दाखवू?" आजींच्या भुवया वर. "साठ वर्षांपूर्वी दिंडोरीला दाखवलंय एकदा. तेव्हा पास केलं होतं की मला!"

अख्खा हॉल हसला. पण आजी उठल्या. पदर दोन्ही खांद्यांवर, नजर खाली, आणि पावलं अशी, जणू समोर होणारे सासरे पोहे खात बसलेत! परत येऊन बसल्या तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. (एकटीनेच.)

मॅडम म्हणाल्या, "फारच वेळ लागला हो."

"वेळ? वेळ मोजताय तुम्ही?"

"मग? जास्त वेळ लागला, तर पडायचा धोका जास्त."

नववीतही अस्संच झालं होतं. भलताच धडा पाठ करून गेले होते!

"मॅडम, चूक माझी हो! मीच हळू चालायला शिकवलं. एकदा, एकदाच परत घ्या ना!"

"बरं. आजी, आता घरी चालता तसं चाला."

आजी उठल्या. पट्टीपर्यंत गेल्या. वळल्या. आणि बघतात तर काय, त्यांच्या रिकाम्या खुर्चीत तळमजल्यावरच्या सुमनकाकू टेकायच्या बेतात! (बागेतल्या बाकावरून दोघींचं रोजचं भांडण.)

"ए सुमे! माझी जागा आहे ती!"

आजी अशा निघाल्या की काकू अर्ध्या वाकलेल्याच राहिल्या! आजींना सावरायला मी हात पसरून मागे धावले, ओढणी पायात आली, आणि थेट मॅडमच्या पायाशी साष्टांग!

आजी खुर्चीत बसल्या. मॅडमनी घड्याळ थांबवलं. "वा! वळतानासुद्धा तोल गेला नाही!" मग आजींनीच उठून मला हाताला धरून उभं केलं. "हळू गं बाई! आठवडाभर कोण शिकवत होतं?"

मॅडमना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मलाही खुर्चीत बसवलं. "तुम्हीपण चालून दाखवा." सुजलेला गुडघा आणि परीक्षेची भीती. निकाल वर सांगितलाच आहे.

आजी नाशकातच राहिल्या, म्हणून मीही राहिले. मुलाने फक्त बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून दिला. आजी त्यावर टॉवेल वाळत घालतात.

रोज संध्याकाळी बंगळुरूहून फोन येतो. "आज पडणंबिडणं नाही ना?"

"नाही हो दादा! आजी एकदम ठणठणीत!"

"आईचं नाही गं, तुझं विचारतोय!"