मावशीच्या तोंडी दिलेलं वाक्य

आवाजबाईंचा आवाज असा, की त्यांनी दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त टाक म्हटलं तरी त्याला उगीच भरून यावं. बातम्यांच्या वाहिनीवर शहरातल्या पुलापलीकडची कुठलीही बाई बोलायला लागली, म्हातारी असो की लेकुरवाळी, तिच्या तोंडून बोलायच्या त्या आवाजबाईच. पलीकडची भाषा अलीकडच्यांना येत नव्हती. म्हणून आधी त्या बाईचे दोन शब्द ऐकू द्यायचे, मग तिचा आवाज दाबायचा आणि वर आवाजबाईंचा चढवायचा, अशी तिथली पद्धत होती.

बाईंना मात्र ती भाषा चांगली येत होती. त्यांची आई पलीकडची. आई लहानपणीच गेली, आणि मावशीने त्यांना वाढवलं, त्याच भाषेत रागावून, त्याच भाषेत जेवू घालून. अलीकडच्या-पलीकडच्यांत दंगली सुरू झाल्या तशी बाईंनी कचेरीत ही गोष्ट काढणंच सोडलं.

दंगलींनी वाहिनीचे प्रेक्षक वाढले, तेव्हापासून संपादक खुशीत होता. पलीकडची एखादी आई रडत म्हणायची, माझा मुलगा घरी आलेला नाही हो, कुणी पाहिलाय का. आणि बाईंच्या हातातल्या कागदावर असायचं, एकेकाला बघून घेऊ. पहिल्यांदा बाई कागद घेऊन त्याच्याकडे गेल्या. तो हसून म्हणाला, शब्दाला शब्द कसले लावत बसता, भावना पोचवा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्या माणसाने भावनेच्या गप्पा माराव्यात, आणि त्याही चहा पीत पीत.

नोकरी सोडायची तर नवऱ्याचं दुकान जळून गेलेलं, घर सगळं बाईंच्या जिभेवर चाललेलं. मग बाईंनी एक युक्ती काढली. रेकॉर्डिंगवाल्याला सांगितलं, मूळ आवाज माझ्या कानात सोडत जाऊ नकोस, माझी लय बिघडते. पडद्याकडेही त्या बघेनाशा झाल्या. समोरचा दिवा लागला की वाचायचं, विझला की थांबायचं. काम झपाट्याने व्हायला लागलं. संपादकाने सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. कान बुजवून काम करणारी आवाजाची जाणकार! अंगावर शिसारी यावी अशी ती शाबासकी, पण बाई ती पदरात घेऊन घरी आल्या.

त्याच संध्याकाळी त्या ताटं मांडत होत्या. टीव्हीवर दुपारच्याच बातम्या पुन्हा लागल्या होत्या. पडद्यावर एक म्हातारी आली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. ती पलीकडच्या भाषेत म्हणाली, "लेकरांनो, या." एवढे दोनच शब्द. खेळायला गेलेल्या पोरांना जेवायला हाक मारतात, त्या सुरात. मग तिचा आवाज दबला आणि घरभर बाईंचाच आवाज घुमला, "या गल्लीत तुमच्यातल्या एकालाही राहू देणार नाही."

ती मावशी होती. पुलाच्या या टोकाला, अलीकडच्यांच्या गल्लीत, ती वर्षानुवर्षं राहत होती. भीतीने पळून गेलेल्या शेजाऱ्यांच्या घरांना कुलपं लावून ती राखण करत होती, आणि त्यांनाच परत बोलावत होती. बाईंनी फोन लावला, तो बंद. चपला घालायला वळल्या तेवढ्यात खाली गलका झाला.

जिन्यात अख्खी इमारत जमली होती. खालच्या पायरीवर मावशी उभी, हातात एक पिशवी, एका पायात चप्पल नाही. दुपारी ती बातमी बघून गल्लीत उरलेल्यांनी दार फोडलं म्हणून ती भाचीकडे आली होती. वरच्या मजल्यावरचे काका जिना अडवून उभे होते. बाई तापाने फणफणल्या होत्या तेव्हा रात्रभर उशाशी बसलेले हे काका. हीच ती टीव्हीवरची, असं ते सगळ्यांना सांगत होते.

बाई म्हणाल्या, "काका, ते ती बोललीच नाही. मी बोलले."

कुणाला ते पटेना. तेव्हा बाईंनी डोळे मिटले आणि ते वाक्य तिथेच, जिन्यात, जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तोच कंप, तोच दात-ओठ खाल्लेला शेवट. आवाज सगळ्यांनी ओळखला.

काकांनी घसा खाकरला. "आवाज तुझा असेल, पोरी. पण मनातलं तिचंच ना? उगीच कशाला दाखवतील?"

माना डोलल्या. हेच त्या इतके दिवस घराघरात वाढत होत्या, आणि लोकांना ते छान पचलं होतं.

मावशीला हे सगळं कळत होतं की नाही कोण जाणे. ती माणसांच्या खांद्यांवरून भाचीकडेच बघत होती. मग तिने आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. काका चटकन वळले.

"काय म्हणाली ती?"

"विचारतेय, जेवलीस का."

काकांनी बाकीच्यांकडे पाहिलं. कुणीतरी हसलं. पायरीवरून कुणीही हललं नाही.

"खरं सांग," काका म्हणाले, "काय म्हणाली?"