आईचं नाक

फजिती काय, सगळ्यांचीच होते हो. कुणी उलटं पोलकं घालून लग्नाला जातं, कुणी भलत्याच बसमध्ये चढून भलत्याच गावाला उतरतं. पण माझ्यासारखी फजिती या अख्ख्या मॉरिशसात दुसऱ्या बाईची झाली असेल, तर तिला माझ्यासमोर आणून बसवा. मी तिला माझ्या हातानं चहा करून पाजीन!

आम्ही नुव्हेल फ्रांस गावचे. देशाला स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. वादळानं आमचं पत्र्याचं घर उडवून नेलं आणि आम्ही सिमेंटचं बांधलं. सिमेंटची भिंत म्हणजे केवढं कौतुक! आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी आपल्या आईबापांचे फोटो ठोकले. हार घातले, उदबत्ती लावली, आणि मागं सरून असे बघत राहिले, जसं काही राजवाडाच बांधलाय.

माझ्या बाजूची भिंत मात्र कोरी.

मी एवढीशी असताना आई गेली. कपाळावर कुंकू घेऊन गेली, बापाच्या आधी. फोटो कुठला? उसाच्या मळ्यात राबणाऱ्या बाईचा कोण फोटो काढणार? डोळे मिटले की आई यायची, पण नेहमी पाठमोरी. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात कोयता, साडीचा काठ दवानं भिजलेला. मी मागनं हाक मारायची. ती काही वळायची नाही. आता काय करायचं अशा बाईला, तुम्हीच सांगा!

एक दिवस ह्यांना म्हटलं, "अवो, बाबाजी पेंटरला बोलवा. माझ्या आईची तसबीर काढू द्या."

"तो काय तुझ्या आईला बघायला गेलता?"

"मी सांगीन की."

"तुला तरी आठवते का?"

मी भांडी जरा जोरात घासली. दुसऱ्या दिवशी पेंटर दारात!

हा बाबाजी म्हणजे आमच्या गावचा सगळ्या रंगांचा धनी. बसच्या पाठीवर सूर्यास्त काढायचा, चिनी दुकानदाराची पाटी रंगवायचा, चौथ जवळ आली की घरोघरचे गणपती. पण त्याची एक खोड होती. वस्तू डोळ्यांसमोर असल्याशिवाय त्याचा हात हलत नसे. हत्ती त्यानं जन्मात पाहिला नव्हता. मॉरिशसात हत्ती कुठला? म्हणून गणपतीचे कान रंगवताना तो आमच्या परसातल्या अळवासमोर येऊन बसायचा. वारा सुटला की ओरडायचा, "थांबा वैनी, बाप्पा कान हलवतोय!"

चर्चमधली मारिया रंगवायला घेतली, तेव्हा बायकोला समोर उभी केली. जेवणाचा डबा घेऊन आली होती बिचारी. जाऊन बघा, ती मारिया अजून तशीच बघते, "जेवताय का मी जाऊ?"

तर असा हा बाबाजी माझ्यासमोर बसला, हातात कोळशाची कांडी, मांडीवर फळी.

"हां वैनी, सांगा. नाक कसं?"

झालं! मला नाकच आठवेना. मी म्हटलं, "चांगलं होतं."

"चांगलं म्हंजे? लांब का बसकं?"

"आईसारखं होतं रे बाबा!"

बाबाजीनं कांडी खाली ठेवली. "आयो वैनी! कुणीतरी बघितलेलं माणूस आणा."

आता आईला नीट बघितलेलं माणूस म्हणजे माझी मावशी, आईची पाठची बहीण. राहायची पेती राफ्रेला, बेटाच्या पार वरच्या टोकाला. पण तिच्याशी आमचं बोलणं बंद! का? तर माझ्या लेकीच्या लग्नात हळद लावायला हिला सगळ्यांत आधी बोलावलं नाही. एवढ्यावरनं बाई जेवणाच्या पानावरनं उठली होती. मी म्हटलं, मेले तरी तिच्या दारात जाणार नाही.

मग बोलावला क्वात्र बॉर्नचा मामा. बाजारात कापड विकायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाला "तुम्हाला हाच रंग शोभतो" म्हणून सांगायची त्याला सवय. तो म्हणाला, "ताईचं नाक? तलवारीसारखं! डोळे एवढाले. रंग म्हंजे दूध."

तेवढ्यात मामाबरोबर बोलावलेली माझी आत्या म्हणाली, "कसलं दूध! चुलीच्या मागं उभी राह्यली तर दिसायची न्हाई. आन् नाक नकटं. माझ्या भावानं पदरात घेतली म्हणून बरं."

"माझ्या बहिणीला नकटी म्हणतेस?"

"मग काय राणी म्हणू?"

बाबाजी बिचारा इकडून पुसायचा, तिकडून काढायचा. मामाच्या सांगण्यानं काढली ती सिनेमातली नटी झाली. आत्याच्या सांगण्यानं काढली, तर आमचे हे आत येऊन म्हणाले, "वा! मारुती छान जमलाय."

मी रडकुंडीला आले. दोघांनाही जेवू घालून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी बाबाजी सकाळीच आला. म्हणाला, "वैनी, आज कुणी बोलायचं न्हाई. तुम्ही नुसत्या बसा. आईला आठवा. मी काढतो."

मी बसले. खिडकीतनं गार वारा येत होता, बाहेर बारीक पाऊस, आमच्या डोंगरावरच्या गावाला असतो तसा. मी डोळे उघडे ठेवून आईला आठवत राहिले. ती पाठ, तो कोयता. असे कितीतरी दिवस तो येत राहिला आणि मी बसत राहिले. मधे चौथ आली, गणपती बसले, गणपती गेले. मग एक दिवस त्यानं फळी माझ्याकडं वळवली.

काय सांगू! एक बाई माझ्याकडं बघत होती. डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू, आणि डोळ्यांत असं काही, की जसं तिचं माणूस लांब कुठं हरवलंय आणि ती वाटेकडं डोळे लावून बसलीय.

"आई!" मी ओरडले. "आई, वळलीस का गं एकदाची!" आणि जे रडायला लागले, ते शेजारच्या बायका धावत आल्या. बाबाजी काहीतरी बोलायला गेला. मग तोंड मिटून ब्रश धुवायला लागला.

तसबीर भिंतीवर चढली. रोज सकाळी अंघोळ केली की मी तिला कुंकू लावायची, हार घालायची, पाया पडायची. तिच्याशी बोलायची. "आई, तुझ्या नातीला मुलगा झाला गं." "आई, यंदा बटाटं बरं आलंय." आमचे हे दारात उभे राहून विडी ओढत बघायचे.

मग पितरांचा पंधरवडा आला. आई सवाष्ण गेलेली, म्हणजे अहेव नवमी तिची. जन्मात पहिल्यांदा मी आईचा म्हाळ घालणार होते! खीर केली, वडे केले, अळू केलं, भोपळा केला. तसबिरीला नैवेद्य दाखवला आणि पान घेऊन अंगणातल्या भिंतीवर ठेवलं. म्हातारे सांगायचे की तिकडं भारतात पानाला कावळा शिवतो. आमच्या गावात कावळा नाही. आमचं आपलं मार्तेंवर भागतं, ती पिवळ्या चोचीची साळुंकी. एरवी मेली स्वैपाकघरात घुसून भात पळवते.

त्या दिवशी एक मार्तें खाली येईना!

झाडावर बसून बघतायत, कलकलाट करतायत, पण पानाकडं एक नाही. पक्षी शिवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. पोरं भुकेनं वळवळायला लागली.

मी हात जोडले. "आई, काय राह्यलं गं तुझं? साडी पायजे का?" साडी ठेवली. नाही. "गोड कमी झालं?" गूळ ठेवला. नाही.

आमचे हे म्हणाले, "पाव-लोणी ठेव. इथंच जन्मलेली बाई. तिला पावच आवडत असंल."

पाव ठेवला. तरी नाही!

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बहिणीत जीव अडकलाय हिचा! मी मावशीशी अबोला धरलाय, ते हिला सहन होत नाही. मी ह्यांना म्हटलं, "शेजाऱ्याचा कामियों काढा, आन् आत्ताच्या आत्ता पेती राफ्रेला जा. मावशीला घेऊन या. सांगा, मी पाया पडते, पर ये."

हे उपाशीपोटी ट्रक हाकत गेले. बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला! परत आले तेव्हा दुपार कलली होती. मावशी ट्रकातनं उतरली. मी वाकले, तिनं मला उठवलं, दोघी गळ्यात पडून रडलो. मग मी तिचा हात धरून आत नेली.

"मावशी, बघ, ताई तुझी. तुझ्यासाठी थांबलीय."

मावशीनं चष्मा लावला. तसबिरीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत तसबिरीकडं.

"सरे," ती म्हणाली, "अगं, ही तर तू!"

"मी कशी? आई ती!"

"आंधळी का काय तू? हा तुझा तीळ, ही तुझी हनवटी. आन् ही चोळी तर तुझ्या लेकीच्या लग्नातली. मला चांगली याद हाय."

मी आरशाकडं धावले. आमचा आरसा ह्यांच्या दाढीच्या उंचीवर टांगलेला. मला त्यात कुंकवापुरतं कपाळ दिसायचं, बस. स्टूल आणलं, वर चढले आणि वीस वर्षांत पहिल्यांदा माझं अख्खं तोंड बघितलं.

आयो रे देवा! भिंतीवर मी. स्टुलावर मी. आणि अंगणात माझ्याच नावाचं पान! मेलेली बाई स्टुलावर उभी, मग मार्तें कशाला शिवतंय?

"अवो," मी ह्यांच्यावर ओरडले, "तुम्हाला दिसत न्हवतं?"

"दिसत होतं की. मला वाटलं, तुला सोताच्या पाया पडायची हौस असंल. म्हटलं पडू दे, माझ्या तर कुणी पडत न्हाई."

बाबाजीला बोलावून आणला. तो दारातच हात जोडून म्हणाला, "वैनी, समोर होतं ते काढलं. मी सांगणार होतो. पर रडणाऱ्या बाईला कसं सांगू, की थांबा, ही तुम्हीच?"

मी मटकन खाली बसले. मग हळूच मावशीला विचारलं, "पण मग मी आईसारखी तरी दिसते ना?"

"छे गं. तू आख्खी बापावर गेलीस. ताई बुटकी, गालाला खळी. आन् नाक..."

सगळे पुढं वाकले. बाबाजीनं तर खिशातनं कांडी काढली.

मावशी आढ्याकडं बघत राहिली. बराच वेळ. तिचा चेहरा उतरला.

"नाक मलाबी आठवत न्हाई गं," ती म्हणाली.

बाहेर मार्तें कलकलत होती. मग मावशीची नजर त्या पानाकडं गेली. खीर, साडी, गूळ, पाव, लोणी. तिनं पदर तोंडाशी नेला आणि तिचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे गदगदतायत आणि डोळ्यांतनं पाणी.

"ताई अशीच हसायची," ती कशीबशी म्हणाली. "आवाजच न्हाई. नुसती हलायची."

मी तिच्याकडं बघतच राहिले. माझी पाठमोरी आई, तिचे खांदे! ऊस तोडताना ते असे हलायचे, आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की ती रडते.

मी बाबाजीला म्हटलं, "काढ! हिला काढ, अशीच!" पण कांडी दिसली की मावशी ठाण्यात नेल्यासारखी ताठ. हसायचं नाव नाही. मग तिला हसवायला मी माझीच फजिती पहिल्यापासून सांगायला घेतली. ती हलायला लागली की बाबाजीही हसायचा आणि रेघ भलतीकडं जायची. पुढं मावशी देवाघरी जाईपर्यंत हा खेळ चालला. चित्र काही झालं नाही. पण मी सांगायची आणि माझी आई हसायची.

भिंतीवरची ती तसबीर अजून तशीच आहे. सुना म्हणतात, बरं झालं, आयती तयार आहे. कुंकू लावलंय, खिळा मजबूत आहे, हाराचं माप ठाऊक आहे. आता फक्त माझं तोंड बंद व्हायचं राहिलंय. आणि तुम्ही बघताच आहात, ते काही होत नाही!