वायर उपटणारे वानखडे साहेब

कुणी ‘झालं’ म्हटलं की वानखडे साहेब त्याच्या मशीनची वायर उपटायचे. पडदा काळा व्हायचा, आपण कळवळायचो. ते वायर परत खोचून हाताची घडी घालायचे. “आता हात नको लावू. मानूस जवळ नसताना उठते काय, ते पाहू.”

अकोल्याकडचे साहेब भुकूमच्या आमच्या छोट्या कंपनीत लिनक्सची कामं बघायचे. डब्यातला ठेचा माझ्या पोळीवर थापून म्हणायचे, “खाय, पुनेकर. रडला तं पानी देतो.” मला काम त्यांनीच शिकवलं.

२००७च्या पावसाळ्यात धरणापलीकडच्या एका आरोग्य केंद्रात आम्ही संगणक बसवला. तिथं मोबाइल लागत नसे. अडचणीच्या वेळी सिस्टरनं पौडच्या डॉक्टरांशी बोलायचं, ते त्या संगणकाला जोडलेल्या वायरलेसवरूनच. शेवटचं काम माझ्याकडे होतं. दोन कमांड हातानं दिल्या, वायरलेसचा हिरवा दिवा लागला, बोलणं झालं. संगणक सुरू होताना त्या आपोआप चालाव्यात म्हणून एका फाइलमध्ये घालायच्या, तेवढं राहिलं होतं. बाहेर एसटी हॉर्न देत होती. मी निघालो. वायर उपटून पाहिलीस ना, असं साहेबांनी विचारल्यावर हो म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात तिथली वीज जाऊन आली. केंद्राचा शिपाई बाळू जीपनं पौडला आला आणि तिथून त्यानं फोन लावला. “सायेब, लाईट आली, पर हिरवा दिवा काय लागंना. तितं बाई अडलीया. सिस्टर लई घाबरल्यात.”

साहेबांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. “आपोआप उठत होतं ना, राजा?”

खरं सांगितलं असतं, तर त्या दोन कमांडच्या ओळी बाळूला फोनवरच लिहून घ्यायला सांगता आल्या असत्या; सिस्टरनं त्या टाइप करताच दिवा लागला असता. पण सगळं ऑफिस बघत होतं. मी पुन्हा हो म्हणालो.

म्हणजे दोष छपरावरच्या अँटेनात, असं साहेबांनी धरलं आणि नवी अँटेना पाठीला बांधून ते स्वतः मोटरसायकलवर निघाले. पौडच्या पुढच्या वळणावर टेम्पोनं त्यांना उडवलं.

त्या बाईला जीपमधून पौडला आणलं. ती वाचली, मूल नाही वाचलं.

त्याच दुपारी मी केंद्रावर पोहोचलो. दोन ओळी फाइलमध्ये घातल्या, वायर उपटली, परत खोचली, हाताची घडी घालून उभा राहिलो. हिरवा दिवा आपोआप लागला. सिस्टर माझ्याकडे न बघता डॉक्टरांशी बोलायला बसल्या.

पिरंगुटच्या दवाखान्यात साहेब शुद्धीवर होते. आमची ती शेवटची भेट. काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, “वायर उपटून पाह्यली?”

“हो.”

“आपोआप उठलं?”

“उठलं, साहेब.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनी चाचपडत माझा हात धरला. “निघताना मनात तुह्यावर शंका घेतली होती. मनावर नको घेऊ, राजा.”

मला बोलायचं होतं. ते दाराकडे बघून कुणाला तरी म्हणाले, “रडून राह्यलाय हा. पानी द्या याले कोनी.”