पालखीपुढचं जाकीट

रत्नागिरीत राहून कातडी जाकिटं जमवायची म्हणजे मुळात डोकं फिरलेलं असावं लागतं. पावसाळ्यात आमच्याकडे पायातल्या चपलांना दाढी फुटते, तिथे मी गोऱ्या पलटणीची बिनबाह्यांची जाकिटं घरात टांगून बसलो होतो. बाहेरून तपकिरी कातडं, आतून खाकी कांबळ्याचं अस्तर, पुढे चार मोठी बटणं आणि गळ्याशी बाणाचा सरकारी शिक्का. युरोपातल्या थंडीसाठी शिवलेली ही जाकिटं दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या शिपायांबरोबर कोकणच्या उकाड्यात आली होती. "बिनहाताची माणसं टांगलीयत घरात," असं बायको आल्यागेल्याला सांगायची आणि वर माझ्यासमोरच सांगायची.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. त्यामुळे या वेडाला अभ्यास म्हणायची सोय होती. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी पेन्शनच्या दिवशी कचेरीच्या ओटीवर जाऊन बसायचो. म्हातारे शिपाई रांगेत असत, त्यांच्याकडे जाकिटाची चौकशी करायची. बहुतेक जाकिटांचे हाल झालेले असायचे. एकाने बैलाच्या जुवाखाली गादी म्हणून बांधलं होतं, एकाच्या जाकिटात मांजर व्यालं होतं आणि ते तिथून उठवायला घरातल्यांचा ठाम नकार होता. मला या लोकांचा राग यायचा. वस्तूची किंमत नाही हो लोकांना, असं मी स्टाफरूममध्ये गळा काढून सांगायचो.

कचेरीच्या त्या ओटीवरच मला सावर्ड्याजवळच्या एका गावातला म्हातारा भेटला. इटलीतून आणलेलं जाकीट अजून वापरतो म्हणाला. कधी, असं विचारलं तर म्हणाला, "शिमग्याला येवा, मंग दिसंल."

फाल्गुनातल्या भर दुपारी गेलो. ढोल वाजत होते, देवीची पालखी सहाणेवरून, म्हणजे ती जिथे बसवतात त्या चौथऱ्यावरून, निघत होती आणि पालखीच्या पुढे हा म्हातारा, कातडी जाकीट गळ्यापर्यंत बंद करून, काखेत काठी दाबून, डावा-उजवा करत चालला होता. घाम नुसता निथळत होता. आमच्याकडे पालखीचे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. पहिला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, यावरून भावकीत कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. या म्हाताऱ्याच्या घराला कसलाच मान नव्हता. लढाईवरून आला त्या वर्षी तो जाकीट चढवून आपणहून पुढे चालला आणि त्या वेशातल्या माणसाला बाजूला हो म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दुसऱ्या वर्षी गावानेच त्याला बोलावलं. जाकीट हाच त्याचा मान झाला. हे सगळं त्याने मला त्याच संध्याकाळी अंगणात बसून सांगितलं. मी ऐकत होतो, पण माझं लक्ष खालच्या बटणाकडे होतं. ते मूळचं नव्हतं, करवंटीचं होतं.

विकायचं नाव काढताच तो हसला. मग मी दुसरी वाट धरली. काखेत शिवण उसवली होती, कातडं तडकलं होतं. म्हटलं, नीट करून देतो, पुढच्या शिमग्याआधी आणून देतो. शाळामास्तर म्हटल्यावर माणसं विश्वास टाकतात. त्याने घडी घालून जाकीट माझ्या पिशवीत ठेवलं आणि पिशवीला हात लावून नमस्कार केला.

मनात पाप नव्हतं असं सांगू शकत नाही. पण जाकीट ठेवून घ्यायचं धाडस झालं नाही, आणि ती कसर मी कामात भरून काढली. चाळीस शिमग्यांचा गुलाल त्या कातड्यावर चढला होता. खोबरेल, घाम आणि अंगारा यांचे थर वेगळेच. पुण्याहून घोड्याच्या खोगिराचं कातडं धुवायचा साबण मागवला आणि रोज शाळेतून आल्यावर थोडं थोडं करत सगळं काढलं. शिवण घातली. माझ्या एका जाकिटाचं अस्सल बटण कापून त्याला लावलं, हा माझ्या दृष्टीने केवढा मोठा त्याग होता! करवंटीचं बटण केरात गेलं. शेवटी गळ्याशी बाणाचा शिक्का स्पष्ट दिसला तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "छान. आता हे कोणाचंही वाटतंय." मी ते कौतुक समजलो.

पुढच्या वर्षी पालखी निघायच्या वेळेलाच पोचलो, एस्टीने घोळ घातला म्हणून. म्हातारा सहाणेपाशी धोतर-सदऱ्यावर काठी घेऊन उभा होता. मी जाकीट उघडून त्याच्या हातात दिलं आणि शाबासकीची वाट बघत राहिलो.

त्याने ते उलटंपालटं केलं. नाकाशी नेलं. बटणांवरून बोट फिरवलं, खालच्या बटणाशी थांबला.

"ह्या माजा नाय, मास्तर."

मी शपथा घेतल्या. साबण, शिवण, बटण, सगळं सांगितलं. जितकं सांगत गेलो तितका मी चोर दिसत गेलो. ज्याच्यावरून ओळख पटली असती ते सगळं मीच घासून मोरीत सोडलं होतं. लोक जमले. कुणीतरी म्हणालं, जाऊ दे आबा, हेच घाला. त्याने मान हलवली. दुसऱ्याचं जाकीट घालून देवीपुढे चालणार नाही म्हणाला.

ढोल सुरू झाले. पालखी उचलली. त्याला कुणी बाजूला हो म्हटलं नाही, तो आपणच झाला आणि बघ्यांच्या रांगेत बायकापोरांच्या मागे जाऊन उभा राहिला. पालखी त्याच्यासमोरून गेली. त्याने हात जोडले. मला इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना.

गर्दी पुढे गेल्यावर तो माझ्याजवळ आला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. जाकिटाची नीट घडी घालून त्याने ते माझ्या हातात ठेवलं.

"ठेवा तुमच्याकडं. तुमाला आवाडता."

आणि खोटं कशाला बोलू, मी ते घेतलं.